नोटीस पाठवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुझा कोड एका कंपनीने राउटरमध्ये घातला, सोर्स, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ कोड, मागितल्यावर मौन धरले, आणि आता नोटीस पाठवावी की जीपीएल, म्हणजे कोड वापरून वस्तू विकणाऱ्याने ग्राहकाला सोर्सही द्यावा असे सांगणारा तुझ्या कोडचा परवाना, समजावून सांगावा, असा तुला पेच पडला आहे. हा पेचच चुकीचा आहे. राउटर विकत घेणाऱ्याच्या हाती सोर्स पडतो की नाही, एवढेच पाहा.

मी कित्येक वर्षे नुसते समजावत राहिलो. अशाच एका राउटरला सिरीयल केबल जोडली, तेव्हा पडद्यावर बिझीबॉक्सचे, म्हणजे अशा उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या एका जीपीएल सॉफ्टवेअरचे, नाव आवृत्तीसकट उमटले. खोक्यात मात्र सोर्स नव्हता, आणि त्याऐवजी द्यावी लागणारी, किमान तीन वर्षे लागू राहणारी लेखी हमीही नव्हती. मी त्या कंपनीत जाऊन दोन तास बोललो. चहा झाला, आभार झाले, सोर्स आला नाही. पुढे कंपनीच बंद पडली. मुदतीची तारीख घालून एक पत्र दिले असते तर, हे अजून बोचते.

पण म्हणून लगेच कोर्टाकडे धावू नकोस. बिझीबॉक्ससाठी 2007 पासून अमेरिकेत खटले झाले. त्यांतले एक वादी रॉब लँडली यांनी पुढे म्हटले की त्यातून प्रकल्पाला उपयोगी कोड मिळालाच नाही. मला त्यांचे निम्मेच पटते. सोर्स मागायचा तो प्रकल्पासाठी नव्हे, ग्राहकासाठी! 2003 मध्ये दबाव आल्यावर लिंकसिस कंपनीने आपल्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरचा सोर्स दिला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले, ते राउटर वापरणाऱ्यांनीच उभे केले. यावर मला हेकट म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणोत.

तुझा कोड जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तिच्या चौथ्या कलमाप्रमाणे अटी मोडताच त्या कंपनीचा कोड वापरण्याचा हक्क आपोआप संपला, आणि तो परत मिळवण्याची वाट तिथे लिहिलेली नाही. ती वाट तू दे: तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या चुकीला नोटिशीपासून तीस दिवस मिळतात, तेवढेच पत्रात लिही. पैशांचा उल्लेख नको. मात्र कोड नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिला असशील तर आधी करारपत्र पाहा. वेगळे ठरलेले नसेल तर भारतीय कायद्याने कॉपीराइट नोकरी देणाऱ्याचा, मग नोटीस तुझी कशी?

आणि फाइल आलीच तर हुरळून आभार मानू नकोस. कोऱ्या मशीनवर उघड, बिल्डच्या, म्हणजे सोर्सपासून चालणारे सॉफ्टवेअर बनवण्याच्या, स्क्रिप्टही आहेत का पाहा, राउटरसाठी इमेज, म्हणजे त्यात भरायची तयार फाइल, तयार होते का पाहा. न झाल्यास त्यांना कुठे अडले ते नेमके लिही आणि मलाही प्रत पाठव.