मागणीपत्र लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुमच्या शेतकऱ्यांच्या मागणीपत्राचा मसुदा वाचला. सतरा मागण्या आहेत आणि पहिली, 'शेतमालाला योग्य भाव द्या'. योग्य म्हणजे किती? 1980 साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले, तेव्हा उसाची मागणी टनाला 300 रुपये होती. आकडा साध्या शेतकऱ्याच्याही तोंडी होता. त्याला सरकारकडून हो किंवा नाही, एवढंच उत्तर येऊ शकतं. 'योग्य भावा'ला मात्र कुणीही मान डोलावतो.

तुमचा तालुका कांद्याचा. कांदा हमीभावाच्या यादीत नाही, म्हणून 'हमीभाव वाढवा' ही ओळ काढ. 'खर्चाच्या दीडपट' लिहायचं तर कोणता खर्च तेही लिही. केंद्र सरकार 'ए2 अधिक एफएल' धरतं, म्हणजे खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांच्या राबण्याचं मोल. 'सी2'मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, आणि भांडवलावरचं व्याजही येतं. दीडपटीवरून दिल्लीत होणारं भांडण मुख्यतः या फरकाचं आहे.

खर्च आठवणीवर काढू नकोस. वीस घरं निवड, त्यात कोरडवाहू आणि खंडाने कसणारे हवेतच. नुसते बागायतदार घेतलेस तर समोरचा अधिकारी पहिल्या पाच मिनिटांत आकडा खोडून काढेल. प्रत्येकाकडून आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती घे, हमाली, तोलाई, वाराई अशी कपात तिथेच कळते. आणि कांदाचाळीत साठवलेल्या मालाची घट विसरू नकोस, इथेच बहुतेकांचं चुकतं. समज, एकरी 70,000 खर्च आणि 100 क्विंटल माल. क्विंटलला 700 पडले. पण सडून, वाळून 75 क्विंटलच विकला गेला, तर तोच खर्च 933 होतो.

मागणी कुणाच्या हातात आहे तेही बघ. निर्यातबंदी केंद्राची, त्यासाठी तहसीलदाराच्या दारात आठवडाभर बसून माणसं फक्त थकतात.

थकण्यावरून चरी गावचा शेतकरी संप आठवतो. अलिबाग तालुक्यात 1933 पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाकारली, ती सहा वर्षं! आंदोलनाची तारीख ठरवण्याआधी घराघरात किती दिवसांचं धान्य आहे ते विचार.

आश्वासन घेताना खातं आणि मुदत लिहून घे. नाशिकहून मुंबईला 2018 मध्ये पायी गेलेल्या शेतकऱ्यांना लेखी आश्वासन मिळालं होतं, तरी 2023 मध्ये पुन्हा चालावं लागलं.

सतरापैकी तीन मागण्या ठेव. नवा मसुदा वीस पट्ट्यांच्या प्रतींसह पाठव, आकडेमोड सोबत बसून तपासू.

तुझा,
काका