मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) काढून पुन्हा टाकलं, तरी सुरू होत नाही?
आधी एरर लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या चुका नोंदवतो ती फाइल, उघड. शेवटची ओळ नको, ताज्या प्रयत्नातली पहिली एरर शोध; खालच्या बहुतेक तिचेच परिणाम असतात. प्रोग्राम काढला तरी जुनं डेटा फोल्डर बहुधा मागे राहतं आणि नवा सर्व्हर त्यावरच अडखळतो. मायएसक्यूएलच्या 8.0 आवृत्तीने वापरलेला डेटा जुन्या 5.7 ला उघडता येत नाही, तिथे 8.0 च परत टाकावं लागतं. परवानगी नाकारली असेल तर फोल्डरची मालकी तपास. 3306 पोर्ट (मायएसक्यूएल नेहमी वापरतं तो नेटवर्क क्रमांक) अडलेला असेल तर जुनी प्रोसेस चालू आहे का बघ.

पण काहीही बदलण्याआधी, सर्व्हर बंद असतानाच, त्या अख्ख्या डेटा फोल्डरची कॉपी दुसरीकडे ठेव, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आणि त्यातली आयबीडेटा1 (ibdata1) ही डेटाबेसची मुख्य फाइल कुणी कितीही सांगितलं तरी उडवू नकोस.