वाचकांचे प्रश्न : दिव्यांगांच्या अनुदानाला लागणारी कात्री

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असून प्रमाणपत्रावर 85 टक्के दिव्यांगत्व नोंदलेले आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आम्ही दोघेच राहतो. मी चार घरची धुणीभांडी करते. त्याचा संजय गांधी निराधार योजनेचा पगार, म्हणजे दरमहाचे अनुदान, चार महिने खात्यावर जमा झालेला नाही. चौकशी केली तेव्हा आधार अद्ययावत करून आणा, असे सांगितले. केंद्रावर गेलो, तर त्याची बोटे उघडत नाहीत म्हणून ठसा उमटला नाही. तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसाने जोर लावून त्याची मूठ उघडायला पाहिली. तो इतका घाबरला की घरी येईपर्यंत त्याने माझा पदर सोडला नाही. दर खेपेला रिक्षाचे 240 रुपये जातात आणि माझा खाडा होतो तो वेगळाच. त्याचा पगार कायमचा बंद झाला का? मी आता काय करावे?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचून झाल्यावर बराच वेळ मला काही लिहिणे सुचले नाही. आधी तुमच्या कामाचे सांगते.

एखादा कागद अपुरा आहे म्हणून अडकलेले अनुदान आणि अपात्र ठरवून बंद केलेले अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत यांपैकी नेमके काय झाले आहे, हे तुम्हाला तोंडी नव्हे, लेखी कळले पाहिजे. त्यासाठी संजय गांधी योजनेच्या कार्यालयात साधा अर्ज द्या, त्यात थकलेल्या चार महिन्यांच्या रकमेचीही मागणी करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका. त्याच दिवशी बँकेत जाऊन खात्याला आधार क्रमांक जोडलेला आहे ना, हे विचारा. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येते, त्यामुळे पुष्कळदा अडचण त्या जोडणीत असते आणि माणसाला मात्र आधार केंद्राच्या खेपा घालाव्या लागतात. ठशाचे म्हणाल, तर ज्यांच्या बोटांचे ठसे घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी डोळ्यांच्या बुबुळांची आणि चेहऱ्याची नोंद घेण्याची सोय आधारच्या व्यवस्थेत आहे. तेही शक्य नसेल, तर अपवाद म्हणून नोंद करता येते. तुमच्या मुलाची मूठ जबरदस्तीने उघडण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ओळख पटवणारे यंत्र अपयशी ठरले म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारता कामा नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधारवरील निकालात घेतली आहे. एवढे करूनही दाद लागली नाही, तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे. अर्जाच्या शिक्का असलेल्या प्रतीसह तिथे तक्रार द्या.

आता थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी पत्रे माझ्याकडे नेहमी येतात. आपल्याकडे दिव्यांगांचे अनुदान कमी केल्याची घोषणा सहसा होत नाही, पण कपात होतच असते. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना 2009 मध्ये सुरू झाली. 2012 मध्ये तिची मासिक रक्कम 200 वरून 300 रुपये झाली आणि 80 वर्षांखालील लाभार्थ्यांसाठी केंद्राचा हा वाटा पुढे वर्षानुवर्षे तेवढाच राहिला. या काळात तेल, डाळ, औषधे, रिक्षाचे भाडे कुठून कुठे गेले, हे तुम्हाला सांगायला नको. आकडा तोच राहिला तरी त्यात येणारे सामान दरवर्षी घटत गेले, आणि ते घटले म्हणून कोणी मोर्चा काढला नाही. राज्याने सप्टेंबर 2025 मध्ये संजय गांधी योजनेतील दिव्यांगांची मासिक रक्कम 1500 वरून 2500 रुपये करण्याचा निर्णय घेतला, त्याचे मी मनापासून स्वागत करते. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 24 सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक मिळाले पाहिजे. असे असूनही 2023 पासून दोन वर्षांहून अधिक काळ निराधार व्यक्तीला 1500 आणि दिव्यांग व्यक्तीलाही 1500 रुपयेच मिळत होते.

उत्पन्नाच्या मर्यादेचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. दिव्यांग लाभार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे लागते. याचा अर्थ, सगळ्या घराचे मिळून दिवसाला सुमारे 137 रुपये. पुण्यात चार घरची कामे करणाऱ्या बाईचे उत्पन्न याहून कमी कसे असेल? याच राज्यात 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेसाठी ही मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. ती रास्तच आहे. पण मग दिव्यांगाच्या घराला 50,000 ची अट का, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. या अटीमुळे प्रामाणिक माणसालाही उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटा आकडा घालून घ्यावा लागतो आणि पुढे त्याच आकड्याच्या भीतीने तो तक्रार करायला कचरतो.

प्रश्न : माझे मेहुणे कुटुंबासह इंग्लंडमध्ये राहतात. तिथे सरकारने दिव्यांगांच्या मदतीत कपात करायचे ठरवले होते, असे त्यांच्याकडून कळले. मदत मिळत राहिली की माणूस काम करत नाही, असे ते म्हणतात. यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : तिथे ज्या मदतीवरून वाद झाला, तिचे नाव ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’. 2013 पासून ती जुन्या भत्त्याच्या जागी आली. ही मदत दिव्यांगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी आहे, ती नोकरी करणाऱ्यालाही मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे ती घेणारे काम करत नाहीत, असे धरून चालणेच चुकीचे आहे. एखादा माणूस त्या पैशांतून टॅक्सी करून कामावर जात असेल आणि ते पैसे थांबले, तर त्याची नोकरीच सुटण्याची भीती असते. मार्च 2025 मध्ये तिथल्या सरकारने पात्रतेचे निकष कडक करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सरकारच्याच अंदाजानुसार प्रस्तावित बदलांमुळे 50,000 मुलांसह आणखी अडीच लाख लोक गरिबीत ढकलले जाणार होते. सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी विरोध केल्यामुळे 1 जुलै 2025 रोजी तो भाग मागे घ्यावा लागला. मात्र कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या मदतीतील आजारपणासाठीची जादा रक्कम नव्या अर्जदारांपैकी बहुतेकांसाठी एप्रिल 2026 पासून आठवड्याला 97 पौंडांवरून सुमारे 50 पौंडांवर आणण्याचा निर्णय कायम राहिला.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी या विषयाची जी मांडणी केली आहे, ती मला फार मोलाची वाटते. दिव्यांग माणसाची अडचण दुहेरी असते, असे ते म्हणतात. एक तर त्याला कमाई कमी होते, आणि झालेल्या कमाईतून इतरांइतकेच जगायचे तर त्याला जास्त पैसे लागतात. विब्के कुक्लिस या संशोधिकेने ब्रिटनविषयी केलेल्या अभ्यासाचा दाखला ते देतात. सर्वसाधारणपणे 17.9 टक्के लोक दारिद्र्यरेषेखालील उत्पन्नाच्या कुटुंबांत होते, तर दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण 23.1 टक्के होते. दिव्यांगत्वाचा जादा खर्च हिशेबात घेतला, तेव्हा तेच प्रमाण 47.4 टक्क्यांवर गेले. वर ज्या ताईंचे पत्र छापले आहे, त्यांच्या घरी महिन्याला डायपर लागतात, फिजिओथेरपीसाठी रिक्षा लागते आणि मुलाला एकटे सोडता येत नाही म्हणून पाचव्या घरचे काम सोडावे लागते. मदत थांबली म्हणून मुलगा उठून कामाला जाणार नाही. आईचे औषध आणि आईचे जेवण मात्र कमी होईल. काम मिळावे, असे कोणाला मनापासून वाटत असेल, तर आधी उतार असलेले रस्ते, चाकाची खुर्ची चढेल अशा बस आणि दिव्यांगाला कामावर ठेवणारे मालक हवेत.

प्रश्न : खोटी प्रमाणपत्रे काढणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. सर्वच लाभार्थ्यांची पुन्हा वैद्यकीय तपासणी करायला काय हरकत आहे?
— एक निवृत्त लेखनिक, कोथरूड

उत्तर : लबाडी करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, आणि त्यासाठी 2016 च्या कायद्याच्या कलम 91 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पण खोट्या प्रमाणपत्राचा मोह मुख्यतः राखीव जागा, नोकरी आणि सोयीच्या बदल्या यांसाठी होतो. तपासणी तिथे कडक करा. महिन्याला 2500 रुपयांसाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे करू नका. ज्याचे दिव्यांगत्व कायमचे आहे, त्याची पडताळणी व्हायचीच असेल, तर तपासणाऱ्याने त्याच्या घरी जावे.

तुम्ही उभे आयुष्य कागदपत्रांत काढले आहे, म्हणून एक विनंती करते. पर्वतीच्या त्या ताईंना अर्ज कसा लिहावा, हे सांगणारे कोणी नाही. त्यांची संमती मी विचारून ठेवते. तुमची तयारी असेल, तर संपादकांच्या नावे चार ओळी पाठवा, म्हणजे तुमची गाठ घालून देता येईल.