पीडीएफ छपाईला गेली आणि अक्षरं बिघडली: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत फॉन्टचेच प्रश्न सगळ्यात जास्त आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त छपाईला जाणाऱ्या पीडीएफमधल्या फॉन्टबद्दल बोलूया.

प्रश्न: ताई, पुस्तिकेची पीडीएफ माझ्या कॉम्प्युटरवर एकदम व्यवस्थित दिसते, पण प्रेसवाले म्हणतात मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतोय. फाईल तीच, मग असं कसं?

फॉन्ट फाईलमध्ये एम्बेड झालेला, म्हणजे फाईलच्या आत बसवलेला, नाहीये. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट टाकलेला आहे म्हणून अॅक्रोबॅट (पीडीएफ बघायचं सॉफ्टवेअर) तिथून उचलतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, प्रेसच्या मशीनवर तो नाही. आणि इंग्रजी अक्षरं दिसतायत म्हणजे तुम्ही जुना, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेला फॉन्ट वापरलाय, त्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

तपासायचं कसं? अॅक्रोबॅट किंवा रीडरमध्ये फाईल उघडा, सगळी पानं एकदा खालपर्यंत बघून घ्या (काही जुन्या व्हर्जनमध्ये यादी बघितलेल्या पानांपुरतीच भरते), मग कंट्रोल आणि डी दाबा आणि फॉन्ट्सच्या टॅबवर जा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवंच. सबसेट म्हणजे फाईलमध्ये जेवढी अक्षरं वापरलीत तेवढीच आत घेतलीत, त्यात काही चुकीचं नाही, घाबरू नका. पण एखाद्या नावाखाली ‘अॅक्च्युअल फॉन्ट’ म्हणून भलतंच नाव, समजा अडोबी सान्स एमएम, दिसलं तर तिथे बदली फॉन्ट बसलाय हे पक्कं. अजून एक करा, प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली ‘यूज लोकल फॉन्ट्स’ असतं, त्याची टिकमार्क काढा आणि फाईल परत बघा. आता ती तुम्हाला साधारण तशीच दिसेल जशी फॉन्ट नसलेल्या माणसाला दिसते. मला हा उपाय सगळ्यात आवडतो कारण प्रेसला फोन करायच्या आधीच खरं काय ते कळतं.

एम्बेड न होण्याची कारणं दोनच मोठी. एक, एक्सपोर्टची, म्हणजे पीडीएफ काढतानाची, सेटिंग. पीडीएफ/एक्स-१ए किंवा पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचे ठरलेले पीडीएफ प्रकार) हा प्रीसेट निवडा, दोन्ही स्टँडर्डमध्ये फॉन्ट एम्बेड असणं सक्तीचं आहे. दोन, फॉन्टवरच बंदी. फॉन्टच्या फाईलमध्ये एम्बेड करायची परवानगी आहे की नाही हे लिहिलेलं असतं, नसेल तर सॉफ्टवेअर नकार देतं, मग तुम्ही कितीही वेळा एक्सपोर्ट करा. अशा वेळी सरळ दुसरा फॉन्ट घ्या.

प्रश्न: मी वरचं सगळं तपासलं, सगळे फॉन्ट एम्बेडेड आहेत. तरी प्रेसमधून फोन येतो की ‘फॉन्ट पाठवा, फॉन्ट मिसिंग येतोय’. नक्की चूक कोणाची?

तुमची नाही. तिथे कोणीतरी पीडीएफ इलस्ट्रेटर किंवा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतंय. हे इतकं सर्रास चालतं की मला मनापासून कळकळीने सांगावंसं वाटतं, एम्बेड केलेला फॉन्ट हा फाईल दाखवायला आणि छापायला असतो, मजकूर एडिट करायला नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मजकूर बदलायचा असतो म्हणून त्याला मशीनवर टाकलेला पूर्ण फॉन्ट लागतो, तो नाही मिळाला की ते दुसरा फॉन्ट बसवतं, ओळी सरकतात, जोडाक्षरं सुटतात, आणि तीच बिघडलेली फाईल पुढे छपाईच्या प्लेटला जाते आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तुमच्याकडची पीडीएफ तर चांगलीच आहे!

प्रेसवाल्यांना स्पष्ट सांगा की पीडीएफ जशीच्या तशी रिपला (फाईलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेला) द्या किंवा इम्पोझिशनच्या, म्हणजे मोठ्या कागदावर पानं लावायच्या, सॉफ्टवेअरमध्ये घ्या. त्यांना पान दुसऱ्या लेआउटमध्ये बसवायचंच असेल तर इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लेस करा म्हणा, ओपन नको. प्लेस केलेल्या पीडीएफमधले एम्बेड फॉन्ट तसेच राहतात. आणि एखादी चूक सापडली, एक अनुस्वार जरी असला, तरी दुरुस्ती मूळ फाईलमध्ये करून नवी पीडीएफ काढायची, पीडीएफ उघडून त्यातच खाडाखोड करायची नाही. घाईच्या वेळी हा नियम मोडावासा वाटतो आणि नेमकं तेव्हाच नुकसान होतं.

प्रश्न: इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी पेस्ट केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार भलतीकडे, जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात. पीडीएफमध्येही तसंच येतं. फॉन्ट बदलून बघितले, फरक नाही.

फरक पडणारच नाही, कारण दोष फॉन्टचा नाहीये, कंपोझरचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या अक्षरं जुळवणाऱ्या भागाचा, आहे. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. आधीचा मजकूर सिलेक्ट करून लावावा लागेल, किंवा सरळ पॅराग्राफ स्टाईलमध्ये जस्टिफिकेशनखाली सेट करून टाका म्हणजे कुठलं पान सुटणार नाही. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, मग साउथ एशियन कंपोझर दिसतो.

तिथे आहातच तर कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. खूप जण हे सोडून देतात, पण मराठी पुस्तकात ल मराठीच दिसायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न: एवढी कटकट कशाला, सगळं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पाठवलं तर?

पोस्टर, कव्हर, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, जरूर करा. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. पण पुस्तकाचा किंवा मासिकाचा आतला मजकूर आउटलाइन करू नका. बारीक अक्षरं काही मशीनवर किंचित जाड उठतात कारण फॉन्टमधलं हिंटिंग (बारीक अक्षरं नीट उमटावीत म्हणून दिलेल्या सूचना) निघून जातं, फाईल जड होते, आणि इनडिझाइनमध्ये आउटलाइन केल्यावर आपोआप आलेले बुलेट, आकडे आणि अंडरलाइन चक्क गायब होतात, हे तर शेवटच्या क्षणी लक्षातही येत नाही. आणि करायचंच झालं तर वेगळी कॉपी करून तिच्यावर करा, मूळ फाईलला हात लावू नका.

प्रश्न: प्रीफ्लाइट (छपाईआधीची फाईलची तपासणी) म्हणतं ‘हेल्व्हेटिका एम्बेड नाही’. मी हेल्व्हेटिका वापरलेलाच नाही!

बहुतेक वेळा तो आत प्लेस केलेल्या दुसऱ्या पीडीएफमधून किंवा ईपीएस प्रकारच्या चित्राच्या फाईलमधून येतो, कोणाचा लोगो, एखादी जाहिरात, एक्सेलमधून काढलेला आलेख. पीडीएफच्या जुन्या नियमांत १४ फॉन्ट असे होते की ते एम्बेड न करताही चालायचे, हेल्व्हेटिका त्यातलाच, त्यामुळे बरीच सॉफ्टवेअर तो आत घालतच नाहीत. आणि जी गोष्ट त्या आतल्या फाईलमध्येच नाही ती तुमचा एक्सपोर्ट कुठून आणणार? प्रीफ्लाइटच्या रिझल्टमधल्या त्या ओळीवर डबल क्लिक केलं की नेमकी जागा दिसते. जाहिरात ज्यांनी पाठवली त्यांच्याकडून एम्बेड केलेली फाईल मागवा. कधीकधी ती फक्त एक रिकामी स्पेस असते, तरीही एक्स-१एच्या तपासणीत फाईल नापास होऊ शकते.

प्रश्न: जुन्या अंकाच्या इनडिझाइन फाईल उघडल्या तर टाइप १ (जुन्या प्रकारचे) फॉन्ट मिसिंग येतात, फोल्डरमध्ये तर आहेत.

अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये टाइप १ फॉन्टचा सपोर्ट बंद केला, त्यामुळे नव्या व्हर्जनना ते दिसतच नाहीत. त्याच फॉन्टची ओपनटाइप (नव्या प्रकारातली) आवृत्ती मिळते का बघा, आणि बसवल्यावर ओळी परत तपासा, अक्षरांची रुंदी थोडी जरी वेगळी असली तरी पानं सरकतात. त्या काळी काढलेल्या पीडीएफमध्ये टाइप १ एम्बेड असेल तर ती मात्र आजही छापता येते, म्हणून नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मूळ फाईल उघडूच नका.

प्रश्न: पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की कचरा पेस्ट होतो. छपाईत पण तसंच येईल का?

नाही. छपाईला अक्षराचा आकार लागतो, कॉपीला त्या आकारामागचा युनिकोड नकाशा लागतो, तो नसला तरी प्लेट बरोबरच येते. हीच फाईल वाचकांना सर्चसाठी द्यायची असेल तर मजकूर युनिकोडमध्ये घेऊन वेगळी पीडीएफ काढा.