रिकी रुबिओचा कागद

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड खेळतो, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा. एका खासगी अकादमीने त्याला राहणं, जेवण, प्रशिक्षण सगळं फुकट देऊ केलंय. त्या बदल्यात पाच वर्षांचा करार. मधेच सोडलं तर आम्ही बारा लाख रुपये भरायचे. मुलाचे बाबा म्हणतात, करून टाकू सही. मुलगा म्हणतो, स्पेनच्या रिकी रुबिओनेही लहान वयात क्लबच्या कागदावर सही केली होती, म्हणूनच तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये पोचला. माझे दीर म्हणतात, त्याच कागदापायी तो दोन वर्षं अडकला, अमेरिकेतल्या टीमने विकत घेतलेला असूनही. घरात रोज वाद होतोय. खरं काय?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना माझी नजर त्या बारा लाखांवर अडकली ती तिथून हलेचना. पण तुम्ही रुबिओबद्दल विचारलंय, आणि त्याच्या गोष्टीत तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे, म्हणून आधी तीच सांगते.

रुबिओ बार्सिलोनाजवळच्या एल मास्नोऊ गावचा. जवळच बादालोना शहर आहे, तिथल्या जोव्हेंतुत या जुन्या क्लबमध्ये तो घडला. १५ ऑक्टोबर २००५ ला तो स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी होते. इतक्या लहान वयात त्या लीगमध्ये त्याआधी कुणी खेळलं नव्हतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची फायनल मी पाहिली आहे. स्पेनचा नेहमीचा पॉइंट गार्ड काल्देरोन जखमी होता, म्हणून सतरा वर्षांचं हे पोर अमेरिकेविरुद्ध सुरुवातीपासून खेळलं. कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, ख्रिस पॉल समोर उभे, आणि हा मान वर ठेवून शांतपणे चेंडू पुढे नेतोय. स्पेन ११८-१०७ असं हरलं. दुसऱ्या दिवसापासून मी शिकवते त्या मुलींना मान खाली घालून ड्रिबल करू देणं बंद केलं.

२५ जून २००९ ला न्यूयॉर्कमध्ये एनबीएचा ड्राफ्ट झाला, म्हणजे टीमांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने पाचव्या क्रमांकावर रुबिओचं नाव घेतलं. हा पाचवा क्रमांक त्यांनी थोडेच दिवस आधी माइक मिलर आणि रँडी फॉय हे आपले खेळाडू देऊन वॉशिंग्टनच्या टीमकडून मिळवला होता. सहाव्यावर त्यांनी जॉनी फ्लिनला घेतलं, तोही पॉइंट गार्डच.

इथे तुमच्या दिरांची गल्लत होतेय. टिंबरवुल्व्ह्जने त्याला ‘विकत’ घेतलं नव्हतं. ड्राफ्टचा हक्क म्हणजे एवढंच, की हा खेळाडू एनबीएत आला तर त्याच्याशी करार करायचा अधिकार फक्त या टीमला. बाकीच्या २९ टीमांनी हात लावायचा नाही. हा हक्क बांधतो तो इतर टीमांना. त्या मुलाच्या जुन्या क्लबला त्याने काडीचाही फरक पडत नाही. न्यूयॉर्कमध्ये कुणी स्टेजवर बोलावून टीमची टोपी डोक्यावर चढवली, म्हणून बादालोनातला करार संपत नाही.

आणि तो करार जबर होता. त्यातून बाहेर पडायचा आकडा, म्हणजे बायआउट, ५७ लाख ५० हजार युरो असल्याचं तेव्हा छापून यायचं. त्या वेळच्या भावाने साधारण ८० लाख डॉलर. आणि त्याचा पगार वर्षाला पुरता एक लाख डॉलरही नाही, असंही त्याच बातम्यांत असायचं. हे दोन आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहून बघा. मी लिहिले होते, आणि बराच वेळ बघत बसले होते.

मग टिंबरवुल्व्ह्जने पैसे का नाही भरले? कारण भरता येत नव्हते. परदेशी खेळाडूच्या बायआउटसाठी एनबीएची टीम त्याच्या पगाराव्यतिरिक्त किती देऊ शकते, यावर मर्यादा असते. २००९ साली ती पाच लाख डॉलर होती. (आज ती आठ लाखांच्या वर गेली आहे.) बाकीचे ७५ लाख त्या मुलाने स्वतः उभे करायचे. आता पगार बघा. पहिल्या फेरीतल्या नव्या खेळाडूचा पगार त्याच्या ड्राफ्ट क्रमांकावरून ठरलेल्या तक्त्यानुसार मिळतो. पाचव्या क्रमांकाला पहिल्या वर्षी साधारण तीस लाख डॉलर, तेही कर कापायच्या आधी. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाने अडीच वर्षांचा सगळा पगार क्लबच्या हातात ठेवायचा आणि वर कर भरायचा. तो गेला नाही यात त्याचा हटवादीपणा कुठे आला? तेव्हा कितीतरी लोकांनी लिहिलं, की त्याला मिनेसोटाची थंडी नको होती, मोठं शहर हवं होतं. असेलही. पण हा हिशेब मांडल्याशिवाय त्याला नावं ठेवणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

रुबिओच्या बाजूने क्लबविरुद्ध दावाही दाखल झाला होता. स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीसाठी १९८५ चा स्वतंत्र हुकूम आहे. खेळाडू स्वतःहून करार मोडून निघाला तर क्लबला भरपाई मिळते, हे त्यात मान्य केलंय. पण कागदावर लिहिलेला प्रत्येक आकडा डोळे मिटून मान्य करायचा, असं तिथली न्यायालयं मानत नाहीत. मात्र रुबिओच्या बाबतीत निकालापर्यंत गोष्ट गेलीच नाही. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस जोव्हेंतुतने त्याला बार्सिलोना क्लबकडे दिलं, ३५-३७ लाख युरोंना. स्पॅनिश क्लबला एनबीएची पाच लाखांची मर्यादा लागू नव्हती, म्हणून बार्सिलोनाला ते जमलं. तिथे सहा वर्षांचा करार झाला, पण दोन वर्षांनी बऱ्याच कमी रकमेत एनबीएकडे निघायची वाट त्यात लिहून घेतली होती. त्याने ती वापरली. २६ डिसेंबर २०११ ला तो मिनेसोटाकडून पहिला सामना खेळला. मधली दोन वर्षं टिंबरवुल्व्ह्ज नुसते हक्क सांभाळत बसले. त्या दोन मोसमांत त्यांनी सामने जिंकले १५ आणि १७, ८२ पैकी.

आता जोव्हेंतुतची बाजू. त्यांना खलनायक ठरवायला मी तयार नाही. छोट्या क्लबने मुलाला लहानपणापासून कोर्ट दिलं, प्रशिक्षक दिले, चौदाव्या वर्षी मोठ्यांच्यात उभं करायची हिंमत दाखवली. पुढे कुणी श्रीमंत येऊन त्याला फुकटात उचलून नेणार असेल, तर उद्या पोरं घडवेल कोण? मी सव्वीस वर्षं उघड्या सिमेंटच्या कोर्टवर पोरं शिकवतेय. पावसाळ्यात पहाटे वायपरने पाणी ओढून काढायचं आणि मग लेअप सुरू करायचे. घडवणाऱ्याला काहीतरी मिळायलाच हवं. माझा आक्षेप आहे तो आकड्यावर. भरपाई ही केलेल्या खर्चाच्या आणि दिलेल्या पगाराच्या प्रमाणात असावी. पगाराच्या ऐंशीपट झाली, की ती दाराला लावलेली कडी होते.

अशा कड्या मला माहीत आहेत. एकोणीस वर्षांची असताना एका संस्थेच्या संघाने मला नोकरी देऊ केली. कार्यालयातल्या बाकावर बसून, किटबॅग मांडीवर ठेवून, तिच्यावरच कागद टेकवून मी सही केली. चार पानं होती. मी वाचली फक्त पगाराची ओळ. पुढच्या वर्षी दुसरीकडून खेळायची संधी आली तेव्हा कळलं, की तिसऱ्या पानावर लिहिलंय : संस्थेच्या ना-हरकत पत्राशिवाय तीन वर्षं दुसऱ्या कुठल्याही संघाकडून खेळता येणार नाही. पत्र मागायला अकरा वेळा गेले. मिळालं नाही. राज्य संघाच्या त्या वर्षीच्या चाचण्या मी बाहेर, जाळीला धरून पाहिल्या.

म्हणून तुमच्या कागदाबद्दल स्पष्टच सांगते. तो आहे तसा सही करू नका.

स्पेनमधली आणखी एक गोष्ट मुलाच्या बाबांना वाचून दाखवा. राउल बाएना हा फुटबॉलपटू तेरा वर्षांचा असताना त्याच्या आई-वडिलांनी बार्सिलोनाबरोबर पुढच्या कराराचा आधीच कागद केला. मुलगा दुसऱ्या क्लबला गेला तर लाखो युरो दंड. तो एस्पान्योल या दुसऱ्या क्लबला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २०१३ मध्ये निकाल लागला, की तो कागदच रद्द. मुलाने पुढे कुठे काम करायचं हा त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा निर्णय आहे, तो त्याच्या वतीने आई-वडिलांनी असा बांधून टाकता येत नाही.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार कायद्यात उभाच राहत नाही. म्हणूनच बारा लाखांच्या ओळीखाली पालकांची सही मागितली जाते, त्यांना ती तुमच्या गळ्यात घालायची असते. याच कायद्याचं ७४ वं कलम सांगतं, की दंडाची रक्कम कागदावर कितीही लिहिलेली असो, न्यायालय तिच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई देतं. पण हे कळायला न्यायालयात जावं लागतं, आणि तोवर मुलाची खेळायची वर्षं निघून जातात. रुबिओला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने वाटाघाटीतून दार उघडून घेतलं. तुम्हीही तेच करा. अकादमीला सांगा : करार दोन वर्षांचा हवा. रक्कम दर वर्षी कमी होत जाणारी हवी, आणि ती प्रत्यक्ष झालेल्या खर्चाच्या हिशेबाला बांधलेली. दुखापत झाली, शिक्षणासाठी जावं लागलं किंवा भारतीय संघाचं बोलावणं आलं, तर एक रुपयाही नाही. ना-हरकत पत्र किती दिवसांत द्यायचं तेही लिहून घ्या. आणि गावातल्या वकिलाकडे तो कागद घेऊन जा, त्याच्या फीकडे बघू नका.

आणि एक करा. सहीच्या आधी मुलाला तो कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लावा, बाबांच्या समोर. जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा. वकिलाला आधी त्या खुणा दाखवा.

प्रश्न : ताई, ड्राफ्टमध्ये नाव आलं आणि खेळाडू अमेरिकेला गेलाच नाही तर? त्याच्यावर काही कारवाई होते का?
– इयत्ता नववीतली वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नाही. तो बाहेरच्या लीगमध्ये कराराने खेळत असेल तोवर टीम हक्क राखून वाट बघत राहते. काही जण मुद्दाम थांबतातही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ड्राफ्टनंतर तीन मोसम उलटले की तो ठरलेला तक्ता बंधनकारक राहत नाही, मग जास्त पगार मागता येतो. निकोला मिरोतिच २०११ मध्ये निवडला गेला आणि शिकागोत आला २०१४ मध्ये. आणि फ्रान वाझकेझला २००५ मध्ये ऑर्लँडोने अकराव्या क्रमांकावर निवडलं, तो कधीच गेला नाही. २०१० साली पॅरिसमध्ये बार्सिलोनाने युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता, रुबिओच्या शेजारी.