रक्तगट बाजूला ठेवा, राहत्या घराचे कागद काढा

लालबागहून एका ताईंचं पत्र आलं आहे. आई 2015 मध्ये गेली, वडील 2021 मध्ये. चाळीतली पागडीची खोली अजून वडिलांच्याच नावावर आहे. चाळ पुनर्विकासात चालली आहे, आणि टिटवाळ्याला राहणारे काका म्हणतात, "तू दादाची मुलगीच नाहीस." पुरावा काय, तर वडिलांच्या हॉस्पिटलच्या फायलीत ओ, आईच्या बाळंतपणाच्या केसपेपरवर ओ, आणि ताईंच्या रक्तदान शिबिराच्या कार्डावर बी. काकांच्या वकिलाची नोटीस फेब्रुवारी 2024 मध्ये आली, ती ताईंनी कपाटात ठेवून दिली. आता विचारतात, "डीएनए टेस्ट करून एकदाचं तोंड बंद करू का?"

नाही. अजिबात नाही. बिल्डरचा फलक लागला की मुंबईतल्या काकामामांना अचानक वंशावळ आठवते. अशी पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात, आणि प्रत्येकात लोक नको त्या प्रश्नाला धरून बसलेले असतात.

ताई, ही खोली मालकीची नाही, भाड्याची आहे. त्यामुळे तुमचं भवितव्य महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7, उपकलम 15 मध्ये आहे. 'भाडेकरू' कोण, याची व्याख्या तिथे दिली आहे. भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी त्याच्या कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. तसं कोणी नसेल तरच वारसाचा नंबर लागतो, आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. हा क्रम नीट वाचा. आधी राहणं, मग वारसा. काकांच्या वकिलाला हे ठाऊक असणार, म्हणूनच नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात "माझे अशील सदर खोलीत कायम वास्तव्यास होते" हे हळूच घातलं आहे. तुम्ही रक्ताच्या ओळी वाचून रडलात आणि हे वाक्य सोडून दिलंत.

काकांचं नाव आजही त्या खोलीच्या रेशनकार्डावर आहे. तुमचं लग्नानंतर डोंबिवलीच्या कार्डावर गेलं. तुम्ही लिहिता की वडिलांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा, 2019 पासून, तुम्ही खोलीवरच राहत होतात. मान्य. पण त्या पत्त्यावरचा तुमच्या नावाचा एक तरी कागद? पत्रात एकाचाही उल्लेख नाही. भाडं तुम्ही भरलंत, पावती मात्र चार वर्षं मयत माणसाच्या नावाने घेत राहिलात, कारण "मालक ओळखीचे आहेत". मालक ओळखीचेच असतात हो, बिल्डर येईपर्यंत.

आता शोधाशोध करा. डायलिसिसच्या कागदांवर 'सोबतचे नातेवाईक' म्हणून कोणाची सही आहे? लाइट बिल कोणाच्या खात्यातून गेलं? सिलिंडर कोणाच्या मोबाइलवरून नोंदवला? कोविडची लस कुठल्या केंद्रावर घेतलीत? शेजारच्या दोन-तीन बिऱ्हाडांची प्रतिज्ञापत्रंही घ्या, पण ज्यांना काकांशी भांडायचंच आहे अशांची नकोत. आजारी बापाची सेवा करायला येऊन राहिलेली लग्न झालेली मुलगी 'सोबत राहणारी' ठरते का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. निकाल पुराव्यावर जाईल, मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. तसंच, रेशनकार्डावर नाव असणं म्हणजे राहणं नव्हे. टिटवाळ्याचं लाइट बिल काकांनाही लपवता येणार नाही.

समजा, दोघांचंही 'राहणं' सिद्ध झालं नाही. मगच वारसाचा प्रश्न येतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो. तुम्ही असताना त्यांचा हक्क उभाच राहत नाही. म्हणून तुम्हाला मुलगीपणातूनच बाद करायची ही धडपड.

तिथे त्यांची गाठ पडते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 112 शी, म्हणजे नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 116 शी. विवाह कायम असताना झालेलं मूल त्या नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा मानला जातो. तो मोडायचा तर गर्भधारणेच्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं, हे समोरच्याने सिद्ध करायचं. काका म्हणतात, गिरणी संपात दादा गावाला होता. तुमचा जन्म 1983 चा, संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, आणि असंख्य गिरणी कामगार तेव्हा कोकणात परतले हेही खरं. पण वेगळ्या गावी असणं म्हणजे संबंध अशक्य असणं नव्हे. कोकण रेल्वे नव्हती, एसटी होती की! संगमेश्वरहून रात्री बसलेला माणूस सकाळी परळला उतरायचा. पालिकेच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आहे ना? त्याची प्रमाणित प्रत काढा.

डीएनएचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये गौतम कुंडू प्रकरणात सांगितलं की अशा चाचण्या सरसकट देता येणार नाहीत आणि रक्त द्यायची सक्ती करता येणार नाही. 2021 च्या अशोक कुमार विरुद्ध राज गुप्ता प्रकरणात तर मालमत्तेच्याच वादात बहिणींनी "हा आमचा भाऊ नाही" म्हणून डीएनए मागितलं होतं. त्याची तयारी नसताना कोर्टाने ते लादलं नाही. मग तुम्ही स्वतःहून हात पुढे करायचं कारण काय? वडील नाहीत, आई नाही. काकांशी नमुना जुळवून येणारं उत्तर टक्केवारीत येईल, आणि त्यावर आणखी चार तारखा पडतील.

रक्तगटाबद्दल मात्र थोडं सांगतो, कारण तुमचा जीव त्यातच अडकला आहे. ओ आणि ओ यांचं मूल ओ, हा शाळेतला नियम बहुतेक वेळा खराच. पण ए किंवा बी ही चिन्हं तांबड्या पेशीवर 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात. आई आणि बाप दोघांकडून एचचं नादुरुस्त जनुक मिळालं, तर पायाच तयार होत नाही. अंगात बीचं जनुक असूनही नेहमीच्या चाचणीत तो माणूस ओ दिसतो. त्याच्या मुलाला त्याच्याकडून बी आणि दुसऱ्या पालकाकडून धड एच मिळालं, की मूल बी. हा गट 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात शोधला. नावही बॉम्बे ब्लड ग्रुप. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो.

पण यावर दावा उभा करू नका. त्यापेक्षा फायलीत किंवा शिबिराच्या कार्डावर चूक असण्याची शक्यता जास्त. आधी स्वतःचा गट चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. वडिलांना रक्त चढवलं असेल तर रक्तपेढीचा क्रॉसमॅचचा, म्हणजे पिशवीतलं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळतं का ते तपासल्याचा, कागद बघा. ओच्या पिशव्या बिनतक्रार चालल्या असतील तर त्यांच्या बाबतीत ही शक्यता संपली, कारण बॉम्बे गटाला ओसुद्धा चालत नाही. एकही पिशवी जुळत नव्हती अशी नोंद असेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा. आणि वडील त्या गटाचे निघाले, तर सख्ख्या भावाचाही तोच गट असण्याची शक्यता किमान चारात एक. काकांनी स्वतःचं रक्त नीट तपासून घ्यावं, निदान तब्येतीसाठी.

खरी घाई मुदतीची आहे. हक्काची घोषणा मागणाऱ्या दाव्याला, दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. ती तारीख कुठली, यावर वाद घालता येतो. तुम्ही तो घालत बसू नका. फेब्रुवारी 2027 ला मुदत संपते असं धरून चाला. नोटिशीला या आठवड्यात वकिलामार्फत उत्तर द्या. नाव बदलून मिळण्यासाठी मालकाला स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा. त्याने टाळाटाळ केली, तर धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात दावा आणि सोबत मनाई हुकमाचा अर्ज, म्हणजे बिल्डर काकांशी परस्पर करार करणार नाही. दावा किती वर्षं चालेल ते विचारू नका. त्या जिन्यावर म्हातारे झालेले पक्षकार मी पाहिले आहेत. म्हणून तर मनाई हुकूम आधी.

आणि दरम्यान बिल्डरचा माणूस संमतिपत्र घेऊन आला, तर 'भाडेकरू' या रकान्यात वडिलांचं नाव आणि खाली 'करिता' म्हणून तुमची सही, असं काही करून देऊ नका.