बिल्डर म्हणतो मोठा कॅमेरा घ्या. बाबांची एफडी मोडू का?

प्रश्न: मी ३३ वर्षांचा, नागपुरात मनीषनगरला राहतो. आधी लग्नाचे फोटो काढायचो, आता अडीच वर्षांपासून घरांच्या व्हर्च्युअल टूर करतो, म्हणजे मोबाइलवर घर फिरून बघता येईल असं शूटिंग. महिन्याला साधारण १८ फ्लॅट होतात. मागच्या वर्षी ९,३६,००० रुपयांची बिलं झाली, खर्च ३,३०,०००, म्हणजे महिन्याला ५० हजार सुटतात. बायकोला खासगी शाळेत २८ हजार पगार आहे, मुलगी चार वर्षांची. बेसा रोडचा एक बिल्डर तीन स्कीमचं वर्षभराचं काम देतो म्हणतो, ४,८०,००० रुपयांचं. अट एकच, लेझरवाला कॅमेरा आणि ड्रोन पाहिजे. कॅमेरा ५,६०,०००, ड्रोन १,३०,००० आणि त्यासाठी लॅपटॉप १,५०,०००, एकूण ८,४०,०००. बाबा वेकोलितून (कोळसा खाण कंपनीतून) निवृत्त झालेत. आई असताना केलेल्या एफडीतले पाच लाख ते द्यायला तयार आहेत. उरलेल्या ३,४०,००० साठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. घेऊ का? हिशेबाची शीट सोबत पाठवतो.

उत्तर: नमस्कार. सध्या घेऊ नका. ड्रोन तर अजिबातच नाही. कॅमेऱ्याचं सहा महिन्यांनी पुन्हा बोलू.

आता तुमच्या शीटबद्दल. तिथे एक गोष्ट आहे जी पत्रात नाही. बिलं ९,३६,००० ची झाली, पण बँकेत आले ६,९०,०००. बाकीचे २,४६,००० लोकांच्या खिशात आहेत. खर्च मात्र तुम्ही सगळा रोख केलाय. सोबतच्या पोराचे नऊ हजार काही कोणी उधार ठेवत नाही. ६,९०,००० मधून ३,३०,००० वजा केले तर उरतात ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ३० हजार. तुम्ही ५० हजार धरून चाललात. त्यातही आताचा कॅमेरा आणि लेन्सचा संच १,८०,००० चा आहे, तीन वर्षांत बदलावा लागेल, त्याचे महिन्याला पाच हजार बाजूला टाकले तर हातात २५ हजार. वहिनींच्या पगारापेक्षा कमी. हे टोचायला लिहीत नाही. पण ज्याला स्वतःचा खरा आकडा ठाऊक नाही त्याने कर्जाच्या कागदावर सही करू नये.

नव्या कर्जाचा हप्ता साधारण ११,६०० येईल. एफडीवर सात टक्के धरले तर बाबांचं वर्षाला ३५ हजारांचं व्याज जाईल, महिन्याला २,९०० च्या आसपास. मिळून साडेचौदा हजार. हातात पडणाऱ्या ३० हजारांतून इतके गेले तर घर कशावर चालवाल? बिल्डरचे ४,८०,००० येतील तेव्हा येतील.

आणि येतील का? शीटमध्ये एकाच नावापुढे १,३५,००० थकलेले दिसतात, गेल्या दिवाळीपासूनचे. तेच नाव शीटमध्ये नव्या कामाच्याही पुढे आहे, म्हणजे हाच तो बेसा रोडचा बिल्डर. बाप्पा! जुने पैसे अडकवून ठेवणारा माणूस तुम्हाला साडेआठ लाखांची खरेदी करायला सांगतोय, आणि तेही तोंडी. त्याच्या लेखी तुम्ही गाजराची पुंगी आहात, वाजली तर वाजली. तुमची पंचाईत ही की बाबांच्या पैशाची पुंगी मोडून खाता येत नाही.

तुमच्या धंद्यात किती कष्ट आहेत याची मला थोडी कल्पना आहे. चार वर्षांपूर्वी खामल्याचा आमचा जुना फ्लॅट विकायला काढला तेव्हा मी एका मुलाकडून टूर करून घेतली होती. मे महिना, रिकामं घर, मीटर कापलेला, त्यामुळे ना पंखा ना कूलर. तो दर दीड-दोन मीटरवर ट्रायपॉड ठेवायचा आणि कॅमेरा गरगर फिरायला लागला की आम्ही दोघं पळत बाथरूममध्ये जाऊन दाराआड उभे राहायचो, कारण खोलीत थांबलं की आपण फोटोत आलोच. गोदरेजच्या कपाटाला मोठा आरसा होता, त्यावर शेवटी त्याने चादर टाकली. दोन बेडरूमच्या घरात असं पस्तीसेक वेळा झालं. घरी जाऊन पाहतो तर बाल्कनीतल्या दोरीवर माझा टॉवेल तसाच राहिलेला. बिचारा दुसऱ्या दिवशी हिंगण्याहून परत आला, त्या एका टॉवेलसाठी. आणि त्याचं बिल मी किती दिवसांनी दिलं? सव्वा महिन्याने. पैसे नव्हते असं नाही. त्याने फोन केला नाही, म्हणून माझ्याकडून राहून गेलं. तुमच्या उधारीतले अर्धे लोक माझ्यासारखेच असावेत. ज्याचा फोन येतो त्याचं बिल आधी निघतं, बिल्डरच्या ऑफिसातही आणि आमच्यासारख्यांच्या घरातही.

म्हणून पहिलं काम कॅमेऱ्याचं नसून फोनचं आहे. १,३५,००० सोडून बाकी १,११,००० तीस-चाळीस दलालांकडे विखुरलेले आहेत. दर सोमवारी सकाळी एक तास फक्त वसुलीला द्या. यापुढे दलालाला टूरची लिंक पैसे आल्यावरच पाठवायची. आधी वाटल्यास स्क्रीन रेकॉर्डिंगचा अर्ध्या मिनिटाचा नमुना द्या. "आपले रोजचे संबंध आहेत" असं कोणी म्हणेल. ४० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली धरली तरी त्याला ४० हजार मिळतात, तुमचे ४,३०० त्याला जड नाहीत.

बिल्डरसाठी वेगळं हत्यार आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. २०२४ पासून आयकरातही तरतूद आहे की मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की बिल्डरचा सीएच तुमच्या वतीने त्याच्या मागे लागतो. नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला मात्र हे कवच धरता येत नाही, म्हणजे जुन्या १,३५,००० साठी तुम्हाला गोड बोलूनच काम काढावं लागेल. आणि छोटा दलाल या कायद्याला भीत नाही, त्याच्यासाठी लिंक अडवून ठेवणं हाच उपाय.

आता त्या गोष्टीकडे येतो जी मला तुमच्या शीटमध्ये सगळ्यात जास्त खटकली. होस्टिंगचा, म्हणजे टूर इंटरनेटवर चालू ठेवण्याचा वर्षाचा खर्च, ७८,०००. आज तुमच्या ४१० टूर चालू आहेत, म्हणजे टूरमागे वर्षाला १९० रुपये. गिऱ्हाइकाकडून मात्र तुम्ही एकदाच पैसे घेता आणि वर "लाइफटाइम लिंक" म्हणून छापता. कोणाची लाइफ? मॅटरपोर्टसारख्या सेवेत टूर त्यांच्या सर्व्हरवर राहते आणि किती टूर चालू ठेवता येतील ते तुमच्या प्लॅनवर ठरतं. वर्गणी थांबली की लिंक बंद. म्हणजे एकदा विकलेल्या मालाचं भाडं तुम्ही जन्मभर भरणार. या चालीने वर्षाला २१६ टूर वाढल्या तर पुढच्या वर्षी यात साधारण ४१ हजारांची भर पडेल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तेवढीच. दर वाढवला तर तो वेगळाच. शिवाय फुकटाच्या सेवेवर विसंबाल तर तीही आपल्या हातात नसते. गूगलचं टूर क्रिएटर ३० जून २०२१ ला बंद झालं तेव्हा त्यावरच्या टूरही गेल्या.

या ४१० पैकी किती फ्लॅट केव्हाच विकले गेले असतील? तिथे आता दुसरं कुटुंब राहतंय आणि त्यांच्या घराचा नकाशा, दारं-खिडक्यांसकट, कोणालाही बघता येतोय. दलालांना एक मेसेज टाका: पंधरा दिवसांत "चालू ठेवा" असं कळवलं नाही तर टूर बंद होईल. मूळ फाइल्स हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दोन प्रतींत. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त यादी गळेल आणि तुम्हाला खालच्या प्लॅनवर येता येईल. नव्या बिलावर लिहा: सहा महिने होस्टिंग किमतीत धरलेलं, पुढे वर्षाला ६०० रुपये.

इथूनच धंद्याची दिशाही दिसते. फ्लॅट विकला की त्याची टूर संपली, रोज नवं गिऱ्हाईक शोधा. त्यात आपल्या नागपुरात अर्धा बाजार प्लॉट आणि लेआउटचा. उमरेड रोडच्या मोकळ्या लेआउटमध्ये चार खुंट आणि एक बोर्ड असतो, तिथे थ्रीडी टूर कशाची करणार? आणि चांगल्या फोनमध्येही २०२० पासून लेझरने अंतर मोजणारा लिडार सेन्सर येऊ लागला, उद्या दलालाचा पोरगाच टूर काढेल. याउलट लग्नाचे लॉन, धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं, मुलींची होस्टेलं, पेंच-ताडोब्याकडचे रिसॉर्ट हे कोणी विकून निघून जात नाही. त्यांना टूर दरवर्षी चालू लागते, ते ६०० काय, ३,००० ही देतील. तुमच्या २१६ कामांत अशी किती? मला शीटमध्ये सात दिसली. लग्नाच्या फोटोंमुळे लॉनवाले तर तुमच्या ओळखीचे असतील. पितृपक्षात घर कोणी बघत नाही, पण लॉनवाला तेव्हा पुढच्या सीझनच्या बुकिंगच्या तयारीत असतो.

ड्रोनचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर ड्रोनची नोंदणी आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्यात तुमचा सगळा बाजार सोनेगाव विमानतळाच्या आजूबाजूचा. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा ड्रोनचा नकाशा उघडा आणि बेसा, मनीषनगर, वर्धा रोड कोणत्या रंगात येतात ते बघा. परवानगीशिवाय तिथे उडवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. हवाई शूटिंग पाहिजेच असेल तर सर्टिफिकेटवाला पायलट दिवसाच्या भाड्याने आणा आणि तो खर्च बिल्डरच्या बिलात लावा. १,३०,००० वाचले.

मग बिल्डरला सरळ नाही म्हणायचं? नाही. भेटायला जा आणि तीन गोष्टी मागा. जुने १,३५,००० आधी. कामाची लेखी ऑर्डर, त्यात ४० टक्के अ‍ॅडव्हान्स, म्हणजे १,९२,०००. आणि पहिल्या स्कीमचं शूटिंग भाड्याच्या कॅमेऱ्यावर. नागपुरात मिळाला नाही तर पुण्या-मुंबईहून मागवा. नमुना फ्लॅट एकदाच शूट होतो, त्यासाठी वर्षभर कॅमेरा घरात ठेवायची गरज नसते. ऑर्डरमध्ये एवढंही लिहून घ्या की टूरवर महारेराचा नंबर आणि "नमुना फ्लॅट" ही ओळ जाईल आणि मजकुराची जबाबदारी त्याची. रेरा कायद्याने जाहिरातीत किंवा नमुना फ्लॅटमध्ये दाखवलेलं खोटं निघालं तर भरपाई बिल्डरला द्यावी लागते. त्या भांडणात तुमचं नाव कशाला?

त्याने हे मान्य केलं आणि पैसे खरंच खात्यात आले, तर तुमच्याकडे ३,२७,००० असतील. त्यातून कॅमेऱ्यात दोन लाख घाला, उरलेल्या ३,६०,००० साठी बँकेत सरकारच्या मुद्रा योजनेच्या कर्जाचं विचारा. किशोर गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं आणि दर सहसा पर्सनल लोनपेक्षा बरा असतो. लॅपटॉप आणखी वर्षभर चालवा. यात बाबांच्या एफडीला हातच लागत नाही. पण त्याने अ‍ॅडव्हान्सचं नाव काढताच "बघू, पुढच्या महिन्यात" म्हटलं, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं असं समजा.

जीएसटीची चिंता आत्ता नको. हे काम धरूनही तुमची उलाढाल १४,१६,००० होते आणि सेवांसाठी मर्यादा २० लाखांची आहे. परदेशी वर्गणीवरचा कर नीट भरला जातोय का, एवढं मात्र सीएला दाखवून घ्या. बिल्डरने टीडीएस, म्हणजे बिलातून आयकर, कापला असेल तर तो आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो का तेही बघा. कापून न भरणारे काही कमी नाहीत.

राहिली बाबांची गोष्ट. कोळसा खाणीतली पेन्शन किती असते हे नागपुरात वेगळं सांगायला नको. तुम्ही लिहिलंय, ते "द्यायला तयार आहेत". बाप तयारच असतो हो. शीटच्या तळाशी त्यांच्या एफडीची मुदत तुम्ही ऑगस्ट लिहिली आहे. तेव्हा पैसे काढायला नाही, पण नूतनीकरणाच्या फॉर्मसाठी त्यांच्यासोबत बँकेत जा. आई असताना केलेली एफडी आहे, नॉमिनी म्हणून अजून आईंचंच नाव असेल. ते बदलून घ्या.